सामाईक विहीर : शहापुरातल्या एका परड्याची पाणीव्यवस्था

मे महिन्यात बेळगावात दोन ओळखीची माणसं भेटली की पहिला प्रश्न असतो, "तुमच्यात नळ कधी आला?" माझ्या आजीच्या काळात प्रश्न वेगळा होता : "विहिरीचं किती थर उघडं पडल्यात?" थर म्हणजे विहिरीच्या दगडी बांधकामातले थर. कठड्यावरून वाकून कोरडे थर मोजायचे. चौदा थर उघडे पडले की आजी परड्यातल्या केळीचं शिंपण बंद करायची. अठरा उघडे पडले की मे महिन्यात येऊ घातलेल्या पाहुण्यांना "मिरग झाल्यावर या" असं पत्र जायचं. हे वडील गमतीनं सांगायचे, पण ती मोजपट्टी खरीच होती.

मंडळाच्या बैठकीत आपण जुन्या घरांविषयी बोलतो तेव्हा दरवाजे, तुळया, कोनाडे, चौकातली फरसबंदी यांची मापं घेतो. विहिरीची नोंद मात्र "मागे एक विहीर आहे" एवढ्या एका वाक्यात उरकतो. मीही तेच करत होतो. आमच्याच घराची विहीर बुजवायची वेळ आली तेव्हा कुठं कळलं की छप्पर, परडं आणि विहीर ही आमच्या घरात तीन वेगळी अंगं नव्हती, पाणी साठवायची ती एकच व्यवस्था होती. आज ज्याला आपण 'रेन वॉटर हार्वेस्टिंग' म्हणतो ते बेळगावच्या जुन्या घरांत बसवून घ्यावं लागत नाही, तुटलेलं जोडून घ्यावं लागतं. ते कसं जोडलं आणि पहिल्या वर्षी आमचं काय चुकलं, ते इथं सांगतो.

एक विहीर, दोन रहाट

आमचं घर शहापुरातलं. शहापूर आज बेळगाव शहराचाच भाग आहे, पण संस्थानं विलीन होईपर्यंत तो सांगलीच्या पटवर्धनांचा मुलूख होता. गल्लीतली घरं भिंतीला भिंत लागून, पुढं अरुंद आणि मागं लांबच लांब. पुढं सोपा, मग माजघर, चौक, न्हाणी आणि शेवटी परडं. आमच्या आणि शेजारच्या परड्यामधल्या भिंतीखाली विहीर आहे. भिंत विहिरीच्या तोंडावर दगडी कमान टाकून पलीकडं नेलेली. निम्मं तोंड आमच्याकडं, निम्मं त्यांच्याकडं. रहाट दोन, पाणी एक. अशा सामाईक विहिरी शहापुरात जुन्या माणसांना नवीन नाहीत.

आजोबांच्या वाटणीपत्रात घराच्या चतुःसीमा सांगून झाल्यावर एक ओळ आहे : सामाईक विहिरीच्या पाण्याचा निम्मा हक्क, आणि गाळ काढण्याचा निम्मा खर्च. हक्क आणि खर्च एकाच ओळीत आलेत. लहानपणी मे महिन्यात गाळ काढायचा दिवस दोन्ही घरांचा असायचा. आधी कंदील पेटवून दोरीनं खाली सोडायचा. तो विझला तर कुणी उतरायचं नाही, कारण खाली हवा कोंडलेली असते. (ही परीक्षा पुरेशी नाही, सगळे विषारी वायू तिच्यात कळत नाहीत. आता माणूस उतरवायचाच असेल तर आत हवा सोडून, कमरेला दोर बांधून, वर दोघं उभे ठेवूनच.) गाळात चमचे, भोवरे, एकदा तर आत्याची हरवलेली जोडवी सापडली. शेवटी पोटॅश टाकायचं आणि विहिरीतलं कासव परत आत सोडायचं. कासव आणि मासे डासांच्या अळ्या खातात म्हणून ठेवलेले.

छपरावरचं पाणी कुठं जायचं

आमचं छप्पर मंगळुरी कौलांचं. निम्मा उतार चौकात, निम्मा परड्याकडं. चौकात पडलेलं पाणी दगडी मोरीतून परड्यात जायचं. वळवाचं आणि मिरगाच्या पहिल्या एक-दोन पावसांचं पाणी आजी गटारीकडं सोडायची, कारण त्यात कौलांवरची धूळ, पालापाचोळा, मांजराची घाण असायची. छप्पर धुऊन निघालं की मोरीच्या तोंडाशी चिंधीचा बोळा घालून ती वाट बंद करायची आणि पाणी अळूच्या वाफ्याकडं वळवायची. वाफ्यातून ते जमिनीत मुरायचं. विहिरीत थेट पन्हाळ सोडलेली मी कधी पाहिली नाही. पाणी मातीतून गाळून विहिरीत यायचं.

यामागचं भूगोलाचं गणित समजून घ्यायला हवं. बेळगाव दख्खनच्या काळ्या खडकावर वसलंय, पण त्या खडकावर बऱ्याच ठिकाणी जांभ्याचा आणि लाल मातीचा जाड थर आहे. जांभा सच्छिद्र असतो. पाणी चटकन पितो आणि चटकन सोडतोही. म्हणून आपल्या विहिरी श्रावणात हातानं पाणी घ्यावं इतक्या वर येतात आणि एप्रिलमध्ये तळाला जातात. विहीर म्हणजे पाण्याची टाकी नव्हे. जमिनीखालचं पाणी जिथं उघडं दिसतं, ती जागा म्हणजे विहीर. आपल्या विहिरीतलं पाणी गल्लीतल्या सगळ्या परड्यांत मुरलेल्या पावसाचं असतं.

बोअरचं तसं नसतं. ती जांभ्याचा थर ओलांडून खालच्या कठीण खडकात जाते आणि तिथल्या भेगांमध्ये पाणी असेल तर लागते. म्हणूनच एका घराची बोअर धो धो चालते आणि शेजारची कोरडी निघते.

थोडा हिशेब

बेळगावात वर्षाला सरासरी साधारण १,३०० मिलिमीटर पाऊस पडतो. १ चौरस मीटर जागेवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ लिटर पाणी. आमच्या जुन्या घराचं छप्पर सुमारे १०० चौरस मीटर. म्हणजे वर्षाला १,३०,००० लिटर. उडून जाणारं, सांडणारं, पहिल्या पावसात सोडून दिलेलं वजा करून ८० टक्के धरलं तरी १,०४,००० लिटर उरतं. शहरी पाणीपुरवठ्याचं प्रमाण माणशी दिवसाला १३५ लिटर धरतात. पाच माणसांच्या घराला दिवसाला ६७५ लिटर लागतं. म्हणजे एका छपराचं पाणी त्या घराला दीडशे दिवस पुरेल.

आता विहीर बघा. तिचा व्यास ८ फूट. एक फूट पाणी म्हणजे जेमतेम १,४०० लिटर. तीस फूट पाणी भरलं तरी ४२,००० लिटर. मग छपरावरचं लाखभर लिटर जातं कुठं? ते जमिनीत पसरतं. थोडं आमच्या विहिरीत, थोडं शेजारच्या, थोडं पुढच्या गल्लीतल्या. तुम्ही मुरवलेलं पाणी तुमचंच राहील याची हमी नाही. पण सगळ्या गल्लीनं मुरवलं तर ते गल्लीत उरतं.

विहीर कशी तुटली

नळ आल्यावर विहिरीकडं लक्ष कमी झालं. १९६२ मध्ये मार्कंडेय नदीवरच्या राकसकोप जलाशयाचं पाणी शहराला मिळू लागलं, पुढं घटप्रभेवरच्या हिडकल जलाशयाचंही आलं. परड्यात फरशी घातली, कारण चिखल नको. अळूचा वाफा गेला. कौलं उतरवून स्लॅब टाकला आणि त्याचं पाणी पाइपानं सरळ रस्त्याच्या गटारीला जोडलं. हे आम्हीच केलं, कुणी जबरदस्ती केली नाही. त्यानंतर विहिरीतलं पाणी दर वर्षी एखादा थर लवकर उतरायला लागलं. दोष आम्ही पावसाला देत राहिलो.

मग शेजारचं घर विकलं गेलं. तिथं बारा फ्लॅटची इमारत व्हायची होती आणि विकत घेणाऱ्याला विहीर बुजवायची होती. "वापरात नाही, डास होतात, पोरं पडतील," असं त्याचं म्हणणं. त्यातलं शेवटचं कारण खरंच विचार करण्यासारखं होतं. पण वाटणीपत्रातली ती एक ओळ उपयोगी पडली. निम्मा हक्क आमचा असताना तो निम्मी विहीर बुजवू शकत नव्हता. बरीच बोलाचाली झाली आणि शेवटी त्यानं आपल्या बाजूला स्लॅब टाकून तोंड झाकलं. आमची बाजू जाळी टाकून उघडी राहिली.

इमारतीत राहायला आलेल्यांना विहिरीचं काही माहीत नव्हतं. त्यांना बोअर मिळाली होती. तिसऱ्या उन्हाळ्यात तिचं पाणी दिवसातून अर्धा तास यायला लागलं आणि टँकर सुरू झाले. २०२३ च्या जूनमध्ये पाऊस लांबला, नळाचं पाणी आणखी आटलं. एके संध्याकाळी वरच्या मजल्यावरच्या वहिनी घागर घेऊन आमच्या दारात उभ्या राहिल्या. "काका, तुमच्या विहिरीत पाणी हाय म्हणतात, घेऊ काय?" मी म्हटलं, "निम्मी तुमचीच आहे की." त्या हसल्या. त्यांना ते चेष्टेचं वाटलं. मी कपाटातून वाटणीपत्र काढून दाखवलं.

पहिला प्रयत्न फसला

पुढच्या वर्षी उन्हाळ्यात आमच्या सोप्यावर दोन्ही घरांची बैठक झाली. इमारतीची गच्ची २५० चौरस मीटर. तिच्यावरून वर्षाला २,६०,००० लिटर पाणी मिळू शकतं. बारा घरांना, घरटी चार माणसं धरली तर, ते चाळीस दिवसांचं पाणी. वर्षाची गरज काही भागत नाही, पण टँकरचे दिवस भागतात. सगळ्यांनी वर्गणी काढली.

प्लंबरनं सोपा मार्ग काढला. गच्चीचे पाइप एकत्र करून, तोंडाला जाळी लावून, थेट विहिरीत सोडले. जूनमध्ये पाऊस आला, विहीर भराभर चढली, सगळे खूश. चौथ्या दिवशी पाणी पिवळट दिसायला लागलं आणि वास सुटला. गच्चीवर पारव्यांची विष्ठा, बांधकामाची उरलेली सिमेंटची भुकटी, कुजलेली पानं, सगळं विहिरीत उतरलं होतं. भांडणं झाली. "बरी होती विहीर ती घाण केली," असं मला तोंडावर ऐकावं लागलं आणि ते चूक नव्हतं.

विहीर उपसायला आलेले मामा पाइप बघून म्हणाले, "वरनं डायरेक्ट सोडायचं न्हाई ओ. मातीतनं येऊ दे." आजीच्या अळूच्या वाफ्याचा अर्थ मला तेव्हा लागला. तिचा चिंधीचा बोळा आणि तो वाफा, या दोन्ही गोष्टी आम्ही गाळून टाकल्या होत्या.

दुसरा प्रयत्न

आता जे आहे ते असं. गच्चीवरून येणाऱ्या पाइपाला खाली एक चावी आहे. पावसाळ्यातले पहिले एक-दोन पाऊस ती उघडी ठेवायची, म्हणजे पाणी गटारीत जातं. मोठी उघडीप पडली तर पुन्हा पहिलं पाणी सोडून द्यायचं. गच्चीवरचे पहिले दोन मिलिमीटर म्हणजे ५०० लिटर, एवढं तरी जाऊ द्यावं. हे आजीच्या बोळ्याचं काम.

त्यानंतर पाणी गाळण टाकीत येतं. टाकीत तळाला मोठे दगड, त्यावर खडी, मग बारीक खडी आणि सगळ्यात वर जाड वाळू. वाळूचा वरचा थर दर उन्हाळ्यात काढून धुवायचा. हे केलं नाही तर वाळू तुंबते आणि पाणी वरून वाहून जातं.

टाकीतून पाणी शोषखड्ड्यात जातं. आमच्या परड्यातली फरशी उखडून, विहिरीपासून दहा फुटांवर सहा फूट खोल खड्डा घेतला, जांभा लागेपर्यंत. तो दगडगोट्यांनी भरला. ड्रेनेजचा चेंबर त्याच्यापासून जितका लांब ठेवता येईल तितका ठेवला, आणि जुनी गळकी लाइन आधी बदलून घेतली. हे फार महत्त्वाचं आहे. ज्या जमिनीतून पावसाचं पाणी विहिरीत येतं, तिच्यातूनच गळक्या ड्रेनेजचंही येतं. ज्या परड्यात संडासाची टाकी विहिरीजवळ आहे तिथं आधी ती दुरुस्त करा, पाणी मुरवायचं नंतर बघा.

धो धो पावसात खड्डा पुरत नाही. तेव्हाचं जास्तीचं पाणी गटारीत जातं. असू दे. सगळं धरायचा हट्ट धरला की परडं तुंबतं.

विहिरीचं पाणी आम्ही धुण्याभांड्याला, न्हाणीला, झाडांना वापरतो. प्यायला वापरत नाही. ज्यांना प्यायचं आहे त्यांनी प्रयोगशाळेत तपासून घ्यावं आणि उकळूनच प्यावं. ब्लीचिंग पावडर टाकायची तर हजार लिटरला साधारण अडीच ग्रॅम पुरते. मूठ भरून टाकायची नसते. त्यासाठीसुद्धा विहिरीत पाणी किती आहे ते मोजता यावं लागतं, म्हणजे पुन्हा थर आलेच.

फरक किती पडला? गेल्या मे अखेरीस सोळा थर उघडे होते. आधीच्या वर्षी वीस. एका वर्षावरून छाती ठोकून सांगता येणार नाही, पाऊसही बरा झाला होता. मोजणं चालू आहे. इमारतीतली दोन मुलं आता दर रविवारी थर मोजून वहीत लिहितात.

घराबाहेरच्या दोन गोष्टी

गच्चीचं पाणी गटारीत सोडलं तर ते संपत नाही. शहराच्या या भागातलं पाणी बळ्ळारी नाल्याकडं जातं आणि मोठ्या पावसात तो नाला शहापूर-वडगाव शिवारातल्या भाताच्या शेतांत शिरतो. ऑगस्ट २०१९ च्या महापुराचं पाणी कुठलाही शोषखड्डा अडवू शकला नसता, हे कबूल. पण नेहमीच्या जुलैच्या पावसात आपल्या घराचं ओझं त्या शेतकऱ्याच्या बांधावर कमी पडेल, एवढं हातात आहे.

दुसरी गोष्ट काँग्रेस विहिरीची. डिसेंबर १९२४ मध्ये बेळगावात काँग्रेसचं ३९ वं अधिवेशन भरलं. महात्मा गांधी अध्यक्ष झाले ते याच एका अधिवेशनाचे. गंगाधरराव देशपांडे यांच्या पुढाकारानं टिळकवाडीत 'विजयनगर' उभं राहिलं. हजारो माणसांना पाणी कुठून द्यायचं? त्यांनी जमिनीतलंच काढलं. विहीर खोदली, तिला 'पंपा सरोवर' नाव दिलं, खर्च आला ४,३७० रुपये ३ आणे. तंबू, मंडप, कमानी सगळं उतरवून नेलं. विहीर राहिली. १९९५ च्या टंचाईनंतर शहरातल्या जुन्या विहिरी उपसून पुन्हा वापरात आणायचं काम महापालिकेनं हाती घेतलं, तेव्हा ही विहीरही उपयोगी पडली. अधिवेशनाचं स्मारक म्हणून आपण तिथं पाहुण्यांना नेतो. तिथं पाणी आहे, हेही त्यांना दाखवायला हवं.

विहिरींचा इतिहास सांगताना एक गोष्ट झाकू नये. आमच्या वाटणीपत्रात 'सामाईक' लिहिलंय, पण ते दोन घरांपुरतं. आजीच्या लहानपणी काही माणसांना रहाटाला हात लावायची मुभा नव्हती. त्यांच्या घागरीत वरून पाणी ओतलं जायचं. १९२७ मध्ये महाडला डॉ. आंबेडकरांना चवदार तळ्यावर सत्याग्रह करावा लागला तो याच व्यवहाराविरुद्ध. जमिनीखालच्या पाण्याला परड्याच्या भिंती कधीच कळल्या नाहीत. आपल्या जुन्या विहिरी पुन्हा चालू करताना ती जुनी 'सामाईक'ची व्याख्या पुन्हा चालू होऊ नये.

वाचकांना विनंती

शहापूर, वडगाव, खासबाग, अनगोळ आणि शहरातल्या जुन्या गल्ल्यांत ज्यांच्या परड्यात विहीर आहे, त्यांनी पुढच्या बैठकीपर्यंत एवढी नोंद करून आणावी : विहिरीचा व्यास, तळापर्यंतची खोली, बांधकाम दगडी की नुसता जांभा, सामाईक असेल तर कुणाशी, कागदपत्रांत तिचा उल्लेख कुठं आहे, आणि मे अखेरीस व श्रावणात पाणी किती खाली आहे. बुजवलेल्या विहिरीची जागाही सांगा. घरातल्या वयस्कर माणसांना विचारा, छपराचं पाणी पूर्वी कुठं जायचं. आमच्या घरी हे आजीला कुणी विचारलं नाही, म्हणून ते उपसणाऱ्या मामांकडून शिकावं लागलं.

दिवाळीत आमच्या कन्नड शेजाऱ्यांकडं 'नीरु तुंबुव हब्ब' असतो. नरक चतुर्दशीच्या आदल्या संध्याकाळी न्हाणीतला हंडा घासूनपुसून, सजवून, पूजा करून पाण्यानं भरतात. यंदा इमारतीतल्या तिघा-चौघांनी त्यासाठी आमच्या विहिरीचं पाणी नेलं. त्यांच्या बाजूचा स्लॅब फोडून जाळी आणि दुसरा रहाट बसवायचा ठराव झालाय. गाळ काढायच्या दिवशी ते काम करून घेऊ. खर्च निम्मा निम्मा.